खाडीतलं आठ मीटर पाणी : सॅल्व्हेज डायव्हरांच्या कामाविषयी

खाडीवाला (धागाकर्ता)

हा धागा काढायचं कारण असं, की दिवाळे, सारसोळे, वाशीगाव इथल्या कोळीवाड्यांतली पोरं गेले काही महिने मला एकच गोष्ट विचारताहेत : "दादा, डायव्हिंगचा कोर्स केला तर काम लागेल का?" पोहणं त्यांच्या अंगात आहे, भरती-ओहोटी तोंडपाठ आहे, आणि नुसत्या मासेमारीवर घर चालायचे दिवस राहिले नाहीत. बेलापूरचा कुणीतरी एजंट त्यांना सांगतो, की कोर्स करा, लगेच ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरींवर, पाठवतो. मी प्रत्येकाला फोनवर अर्धंमुर्धं सांगत बसतो. त्यापेक्षा जे माहीत आहे ते इथे एकदा नीट लिहितो. मी टेंडर म्हणून, म्हणजे डायव्हरची नळी-दोर वरून सांभाळणारा म्हणून, लागलो, मग बरीच वर्षं पाण्याखाली काम केलं, आता सुपरवायझर म्हणून वर उभा असतो.

सॅल्व्हेज म्हणजे बुडालेलं, रुतलेलं किंवा आग लागलेलं जहाज वाचवणं, त्यातला माल काढणं, आणि वाचण्यासारखं नसेल तर तुकडे करून वाट मोकळी करणं. न्हावा-शेव्याच्या चॅनेलमध्ये किंवा खाडीपुलाच्या खांबांजवळ बार्ज (सपाट मालवाहू बोट) बसली तर ती तिथे ठेवून चालत नाही. मग डायव्हर खाली जातो. भोक कुठे पडलंय ते हातानं चाचपतो, तिथे पाचरी ठोकतो, पॅच लावतो, हॅच बंद करतो, बुडाखालून वायर रोप ओवतो, लिफ्ट बॅगा (हवा भरून वस्तू उचलायच्या पिशव्या) बांधतो, लागलं तर पत्रा कापतो. काम वर्कशॉपमधलंच, फक्त ते आंधळेपणानं आणि प्रवाहात करायचं.

ठाण्याच्या खाडीत खाली काही म्हणजे काही दिसत नाही. टॉर्च लावला तर डोळ्यांसमोर तपकिरी उजेड येतो, त्यानं उलट गरगरायला होतं, म्हणून तो बंदच ठेवतात. सगळं बोटांवर. वेल्डची शिवण, बोल्टचं डोकं, कालवांची धार, दोर कुठे घासून विरलाय ते, हातमोज्यातून कळावं लागतं. नवीन पोराला मी आधी डेकवर डोळे बांधून बसवतो आणि फ्लँजचे नट-बोल्ट काढून पुन्हा लावायला सांगतो. ज्याचा बोल्ट दहा वेळा हातातून पडतो, त्याला घाई नको म्हणून सांगतो.

डोक्यावर हेल्मेट, आणि वरून खाली आलेली अंबिलिकल. तिच्यात हवेची नळी, बोलायची वायर, खोली मोजायची बारीक नळी आणि ओढ सोसणारा दोर एकत्र बांधलेले असतात. पाठीवर बेलआउटची बाटली, वरची हवा बंद झाली तर परत येण्यापुरती. खालच्या माणसाचा श्वास मला स्पीकरवर सतत ऐकू येतो. माणूस घाबरला की तो बोलायच्या आधी त्याचा श्वास सांगतो. मला काही महत्त्वाचं सांगायचं असेल तर आधी "थांब, श्वास धर" म्हणावं लागतं, नाहीतर हवेच्या आवाजात माझे शब्द त्याला ऐकू जात नाहीत.

आता माझं मुख्य म्हणणं. मुंबई हायसारख्या ठिकाणी खोल पाण्यात काम चालतं, त्याची लोकांना धास्ती असते. मला मात्र आपल्या खाडीतल्या सात-आठ मीटर पाण्याची जास्त भीती वाटते. खोल कामाला कागद असतात, तपासणी असते, कंपनीचा माणूस डोक्यावर उभा असतो. उथळ कामाला "अरे, दोन तासांचं काम आहे, एक डायव्हर पाठवा" एवढाच फोन येतो. डायव्हर मरतो तो बहुतेक वेळा वर कुणीतरी घाई केल्यामुळे. हे मी आजपर्यंत पाहिलेल्या आणि वाचलेल्या अपघातांवरून बोलतोय. सविस्तर हळूहळू लिहीन, तोवर विचारा.

मीरा_ऐरोली

छान धागा, वाचतेय. माझा भाचा असाच एका एजंटच्या मागे लागलाय, त्यामुळे एकेक शब्द कामाचा आहे. एक विचारू? सात-आठ मीटर म्हणजे दोन-अडीच मजले. एवढ्याशा पाण्यात असं काय होतं?

खाडीवाला

मीराताई, सगळ्यात आधी दाबाचा फरक. आमच्यात त्याला डेल्टा-पी म्हणतात. समजा बंधाऱ्याच्या गेटला, जहाजाच्या पाणी ओढायच्या तोंडाला किंवा रिकाम्या टाकीला भोक आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा, आणि पाण्याची उंची ८ मीटर. भोक ३० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ७०० चौरस सेंटिमीटर होतं, आणि दर चौरस सेंटिमीटरला ०.८ किलो दाब. म्हणजे साडेपाचशे किलोंहून जास्त. त्या तोंडावर माणसाचं अंग चिकटलं तर वरून चौघांनी ओढून तो निघत नाही. वाईट म्हणजे जवळ जाईपर्यंत ओढ जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो. त्याला सोडवायचा मार्ग एकच, दोन्ही बाजूंचा दाब सारखा करणं. वर तयार बसलेल्या स्टँडबाय डायव्हरला घाईनं खाली सोडला तर तोही तिथेच चिकटायचा.

२५ फेब्रुवारी २०२२ ला त्रिनिदादमध्ये हेच झालं. बंदरातल्या तेलाच्या पाइपवर पाच डायव्हर काम करत होते, पाइप ३० इंची. आतला प्लग काढताना दाबाच्या फरकानं पाचही जण पाइपात ओढले गेले. एक जण कसाबसा बाहेर आला. आत माझे सोबती जिवंत आहेत असं त्यानं सांगितलं, तरी त्यांच्यासाठी कुणाला आत जाऊ दिलं नाही. चौघं गेले. पुढे सरकारी चौकशी आयोग बसला.

माझ्यासमोर घडलेलं सांगतो. एका जहाजाच्या सी चेस्टची जाळी साफ करायला आमचा माणूस खाली होता. सी चेस्ट म्हणजे इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी ज्या तोंडातून घेतात ते. डायव्हर खाली आहे असं ब्रिजवर (जहाज चालवतात त्या खोलीत) सांगितलेलं होतं. तरी इंजिन रूममध्ये शिफ्ट बदलली आणि नव्या माणसानं पंप चालू केला. डायव्हरचा हात कोपरापर्यंत जाळीत ओढला गेला. स्पीकरवर मला एकच शब्द ऐकू आला, "पंप!" चीफ इंजिनियरनं धावत जाऊन बंद केला म्हणून हात वाचला. त्यानंतर माझा नियम झाला : पंपाच्या स्विचला माझं कुलूप, चावी माझ्या खिशात, आणि चावी परत मिळेपर्यंत डायव्हर कुठे आहे हे इंजिन रूमनं मला विचारायचं. तोंडी "बंद आहे" यावर मी माणूस खाली सोडत नाही. यावरून मला कामावरून काढायची धमकीही मिळाली आहे.

जुना_मरीनवाला

उत्तम लिहिताय. मी जहाजांवर नोकरी केली, निवृत्तीनंतर खारघरला असतो. आपल्या दारातली दोन मोठी कामं नवीन पिढीला माहीत असावीत म्हणून लिहितो.

७ ऑगस्ट २०१०. एमएससी चित्रा हे कंटेनर जहाज न्हावा-शेव्याहून निघालं आणि खलिजिया-३ या जहाजाशी त्याची टक्कर झाली. चित्रा इतकं कललं, की शेकडो कंटेनर समुद्रात पडले. काहींत कीटकनाशकं होती. तेल किनाऱ्यावर आणि तिवरांत पसरलं, मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. कंटेनर तळाशी कुठे पडलेत, चॅनेलमध्ये आहेत का, हे शोधल्याशिवाय जहाजं सोडता येत नव्हती. बातम्यांत तेलाचे फोटो आले. पाण्याखालच्या कंटेनरमध्ये काय आहे याची खात्री नसताना त्याच्याजवळ जाणाऱ्या माणसांवर कुणी चार ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही.

दुसरं आयएनएस सिंधुरक्षक. १३ आणि १४ ऑगस्ट २०१३ च्या मधल्या रात्री मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन पाणबुडी धक्क्यालाच बुडाली, १८ नौसैनिक गेले. नौदलाचे डायव्हर आत शिरले तेव्हा चिखल आणि तेलामुळे काही दिसत नव्हतं, उष्णतेनं दारं वाकून जाम झाली होती, शिड्या वितळलेल्या, आणि आत न फुटलेला दारूगोळा असण्याची भीती. खोली म्हणाल तर धक्क्याजवळची, म्हणजे तुमचं उथळ पाणीच. पुढे एका परदेशी कंपनीच्या भारतीय शाखेनं जून २०१४ मध्ये ती वर काढली.

आणि कोस्टा काँकॉर्डियाचंही आठवतं. इटलीत ते प्रचंड प्रवासी जहाज सरळ करण्याचा अवघड टप्पा सप्टेंबर २०१३ मध्ये पार पडला, सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिला. १ फेब्रुवारी २०१४ ला पुढच्या तयारीचं काम चालू असताना एका स्पॅनिश डायव्हरचा पाय पत्र्यात सापडून कापला आणि तो गेला. एवढ्या मोठ्या मोहिमेत जीव घेतला तो एका पत्र्यानं.

खाडीवाला

काका, पत्र्याचं अगदी बरोबर. फाटलेला पत्रा रेझरसारखा असतो आणि तो दिसत नाही. पाण्याखालच्या कटिंगचंही इथेच लिहितो, कारण पोरांना त्याचं फार आकर्षण आहे.

पाण्याखाली कापायला पोकळ रॉड असतो, त्यातून ऑक्सिजन जातो आणि करंट डीसी. डायव्हर रॉड टेकवून "हॉट" म्हणाला की वर टेंडर स्विच लावतो आणि "हॉट" म्हणून परत सांगतो. रॉड संपला की "कोल्ड", आणि स्विच उघडल्यावर पुन्हा "कोल्ड". मधे एक शब्द इकडचा तिकडे चालत नाही. धोका शॉकचा आहेच, पण त्याहून मोठा धोका गॅसचा. कापताना हायड्रोजन तयार होतो आणि न जळलेला ऑक्सिजन वर चढतो. वर छत असेल, म्हणजे डेकची खालची बाजू किंवा बंद टाकी, तर दोन्ही तिथे साठतात आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. डायव्हरच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. म्हणून आधी सगळ्यात वरच्या बाजूला गॅस निघायला भोकं पाडायची, मगच कापायला घ्यायचं. भोकं पाडण्यात अख्खी एक ओहोटी जाते. ठेकेदाराला ती वाया गेल्यासारखी वाटते.

सारसोळे_बोट

आम्ही मासेमारी करणारी माणसं, आम्हाला यातलं यंत्राचं काही कळत नाही. पण खाडीच्या पाण्याबद्दल सांगतो. उधाणाला खाडीचं पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, आणि मधे पाणी थांबतं ते थोडा वेळ. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत ओढ कमी. माझ्या वडिलांनी डुबीवाल्यांबरोबर काम केलंय. मुंब्रा, काल्हेर भागात रेती काढणारे लोक बांबू रोवून त्याला धरून खाली जायचे, बालदी भरायचे, वरचा माणूस ओढायचा. नळी नाही, हेल्मेट नाही, छातीतल्या हवेवर. कानातून रक्त आलेली माणसं वडिलांनी पाहिलीत. त्यांना डायव्हर कुणी म्हटलं नाही, आणि त्यांची नोंद कुठे झाली नाही.

वाशीच्या पुलावरून कुणी उडी मारली की आजही पहिला फोन आमच्याच बोटीवाल्यांना येतो. आम्ही जातो. मिळालं तर जिवंत, नाहीतर जे मिळेल ते. त्या कामाचे पैसे मागायला कुणाचं तोंड उघडत नाही, पण होडीचं डिझेल तर जळतंच की.

खाडीवाला

सारसोळे_बोट, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. तुमच्या पाण्याच्या मुद्द्याला जोडून गाळाचं सांगतो. बार्ज गाळात बसली की गाळ तिला धरून ठेवतो. चिखलात रुतलेली चप्पल ओढताना आधी हलत नाही आणि मग एकदम सुटते, तसंच. शंभर टनांची वस्तू एकदम सुटली तर तिच्याजवळचा डायव्हर राहत नाही. शिवाय लिफ्ट बॅगेतली एक घनमीटर हवा साधारण एक टन उचलते, आणि तीच हवा १० मीटरवरून वर येता येता आकारानं दुप्पट होते. म्हणजे बॅग सुटली की तिचा जोर वाढतच जातो. म्हणून आधी पाण्याच्या जेटनं बुडाखालचा गाळ मोकळा करायचा, आणि उचलायच्या वेळी डायव्हर पाण्याबाहेर. हा नियम पुस्तकात असतो, पण पाणी फिरायची वेळ जवळ आली की "अजून एक बॅग तेवढी भर" असा आवाज वरून येतो.

डॉ_स्नेहल

मी फिजिशियन आहे, डायव्हिंग मेडिसिनचं थोडं प्रशिक्षण घेतलंय. पोरांनी वाचावं म्हणून मुद्दाम सोप्या भाषेत लिहिते.

दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबानं हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. हळूहळू वर आलं तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो, घाईनं आलं तर शरीरातच त्याचे बुडबुडे होतात. यालाच बेंड्स म्हणतात. पुलांच्या पायासाठी दाबाच्या पेट्यांत काम करणाऱ्या मजुरांना तो आधी झाला, म्हणून त्याला केसन डिसीज असंही नाव आहे. टप्प्याटप्प्यानं वर यायची कोष्टकं जॉन स्कॉट हॅल्डेन यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली, आजच्या कोष्टकांचं मूळ तिथेच आहे.

लक्षणं बरेचदा वर आल्यावर काही तासांत दिसतात : खांदा किंवा गुडघा दुखणं, अंगाला खाज, चट्टे, विलक्षण थकवा. हातापायांना मुंग्या, पाय उचलत नाही, लघवी होत नाही, असं काही असेल तर मज्जारज्जूवर परिणाम झालाय, एक मिनिटही घालवू नका. माझ्याकडे एक तरुण आला होता, खांदा दुखतोय म्हणून दोन दिवस मलम चोळत बसला होता. ठेकेदारानं "ओझ्यानं दुखत असेल" म्हणून सांगितलं होतं. तो काय काम करतो हे मी विचारलं नसतं, तर मीही गोळ्या देऊन पाठवलं असतं. डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य हे सांगा : "मी पाण्याखाली काम करतो, शेवटची डाइव्ह अमुक वाजता होती."

पहिला उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, रुग्ण आडवा, आणि चेंबर (आत दाब वाढवून उपचार करायची बंद खोली) असलेल्या ठिकाणी हलवणं. कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आहे, तिथे नौदल वैद्यकशास्त्राची संस्थाच आहे. काही खाजगी रुग्णालयांतही चेंबर आहेत, पण सगळे बेंड्सच्या उपचाराचे नसतात. काम सुरू करायच्या आधी जवळच्या चेंबरला फोन करून खात्री करणं ही सुपरवायझरची जबाबदारी.

अजून एक, जे नवी मुंबईत कुणाच्या डोक्यात येत नाही. डाइव्ह संपली, पगार झाला, आणि पोरं त्याच संध्याकाळी गाडी काढून लोणावळ्याला निघतात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. घाट चढला की हवेचा दाब कमी होतो आणि अंगात राहिलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायला वाव मिळतो. डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी जो थांबण्याचा नियम, तोच घाटाला लावा. सलग डाइव्ह केल्या असतील तर निदान पूर्ण एक दिवस.

वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्यांच्या मांडीच्या हाडाचं आणि खांद्याचं डोकं आतून मरतं, तेही लिहून ठेवते. सुरुवातीला दुखत नाही, एक्स-रेत उशिरा दिसतं.

रोहन_घणसोली

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. धोका कुठे नाही? बांधकामावर पोरं परातीतून सिमेंट नेताना पडतात. इथे निदान पैसे चांगले आहेत, परदेशी जायची संधी आहे. माझा मित्र सॅच्युरेशन डायव्हर आहे, घर घेतलं, आईचं ऑपरेशन केलं. मराठी पोरांना आपणच घाबरवलं तर ही कामं दुसरेच घेतील. शिवाय सॅच्युरेशनमध्ये तर शंभर-दीडशे मीटरवर राहतात, मग ते आठ मीटरपेक्षा सुरक्षित कसं?

खाडीवाला

रोहन, प्रश्न रास्त आहे आणि तुमच्या मित्राचं कौतुक आहे. पोरांनी जाऊ नये असं मी म्हणत नाही. माझं स्वतःचं घर याच कामावर उभं आहे.

सॅच्युरेशनमध्ये डायव्हर जहाजावरच्या चेंबरमध्ये दाबाखाली राहतात, हेलियम-ऑक्सिजन घेतात, बेलमधून, म्हणजे खाली सोडायच्या दाबाच्या बंद पेटीतून, कामावर जातात. शरीरात जेवढा वायू मावायचा तेवढा मावला, की पुढे कितीही दिवस राहिलं तरी वर यायचा वेळ तेवढाच. शंभर मीटरसाठी साधारण चार दिवस. तिथेही माणसं मेली आहेत. ५ नोव्हेंबर १९८३ ला नॉर्वेच्या समुद्रात बायफर्ड डॉल्फिन या तेलाच्या रिगवर चेंबरचं दार पूर्ण बंद व्हायच्या आत बेलच्या जोडणीचा क्लॅम्प उघडला गेला, दाब नऊ वातावरणांवरून एकदम एकावर आला, चार डायव्हर आणि एक टेंडर जागच्या जागी गेले. त्यानंतर दाब असताना क्लॅम्प उघडताच येणार नाही अशा यंत्रणा आल्या. म्हणजे तिथे माणूस मेल्यावर यंत्र बदललं. आपल्या खाडीत माणूस मेला तर माणूस बदलतात. मला राग याचा आहे.

आयएमसीए ही या धंद्यातली आंतरराष्ट्रीय संघटना वरून हवा देऊन करायच्या कामाला किमान पाच माणसं सांगते : सुपरवायझर, डायव्हर, स्टँडबाय डायव्हर, आणि दोघांचे दोन टेंडर. स्टँडबाय म्हणजे ड्रेस घालून बसलेला, फक्त हेल्मेट चढवायचं बाकी असलेला माणूस. खाडीतल्या किती कामांवर तुम्ही पाच जण पाहिलेत? मी तीन पाहिलेत, दोन पाहिलेत. एका ठिकाणी कंप्रेसर चालवणाराच टेंडर होता आणि कंप्रेसरचं तोंड टगच्या धुराच्या दिशेला. तो धूर डायव्हरच्या फुप्फुसात जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इतिहासप्रेमी_ठाणे

खाडीवाला यांच्या "वरच्या माणसाची घाई" या मुद्द्याला जुना दाखला आहे, आणि त्याचा मुंबईशी संबंध आहे.

पी अँड ओ कंपनीचं 'इजिप्त' हे जहाज इंग्लंडहून मुंबईला यायला निघालं. पोटात दहा लाख पौंडांहून जास्त किमतीचं सोनं-चांदी. २० मे १९२२ ला फ्रान्सच्या टोकाशी दाट धुक्यात 'सेन' या जहाजाची धडक बसून ते बुडालं. शंभर मीटरहून खोल पाणी, त्या काळी कुणी विचारही करू नये असं. तरी सोरिमा या इटालियन कंपनीनं 'आर्तील्यो' नावाच्या बोटीवरून शोध घेतला आणि १९३० मध्ये जहाज सापडलं.

हिवाळ्यात तिथे काम करता येईना, म्हणून मधल्या काळात त्यांनी 'फ्लॉरेन्स एच' या पहिल्या महायुद्धातल्या दारूगोळ्याच्या जहाजाचे अवशेष उडवायचं काम घेतलं. उथळ पाणी, सोपं काम. सुरुवातीला स्फोट करताना बोट खूप लांब न्यायचे. बरेच सुरुंग लावले, आतला दारूगोळा काही पेटेना. मग वेळ वाचावा म्हणून अंतर कमी होत गेलं. डिसेंबर १९३० मध्ये तो सगळा साठा एकदम उडाला, आर्तील्यो बुडाली, आणि कंपनीचे सर्वांत अनुभवी डायव्हर बोटीवरच्या बहुतेकांसह गेले. ते कुणी पाण्याखाली नव्हते, डेकवर होते. उरलेल्यांनी दुसरी बोट त्याच नावानं उभी केली आणि १९३२ मध्ये इजिप्तचं सोनं वर काढलं.

वकील_पाचपाखाडी

पैशाची बाजू थोडक्यात. सॅल्व्हेजमध्ये लॉइड्स ओपन फॉर्म नावाचा जुना करार आहे, तत्त्व असं की माल वाचला तर मोबदला, नाही वाचला तर काही नाही. म्हणजे वरच्या कंपनीवरच वेळेचा दबाव असतो, आणि तो ठेकेदार, उपठेकेदार करत शेवटी खालच्या माणसावर येतो. लहान कामांत ठोक रक्कम ठरते, तिथेही तेच. पाच माणसांच्या जागी तीन नेले की दोघांचा पगार वाचला.

पण कायदा एका बाबतीत कामगाराच्या बाजूनं आहे. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा घ्या किंवा आता त्याची जागा घेणारी २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता, ठेकेदाराचा माणूस कामावर जखमी झाला किंवा गेला तर मूळ काम देणाऱ्यावरही भरपाईची जबाबदारी येते. अडचण एकच, तो माणूस त्या दिवशी त्या कामावर होता हे सिद्ध करावं लागतं. म्हणून लेखी नेमणूक, विम्याची प्रत आणि स्वतःचं डाइव्ह लॉगबुक, प्रत्येक पानावर सुपरवायझरची सही. या तीन गोष्टींचे फोटो घरच्यांच्या मोबाइलवर हवेत, डायव्हरच्या मोबाइलवर असून उपयोग नाही.

मीरा_ऐरोली

सगळं वाचून भाच्याला बसवलं आणि एजंटचा कागद मागवला. दीड पान आहे. पदाचं नाव "डायव्हर कम हेल्पर". विम्याचा उल्लेख नाही, कामाची जागा "मुंबई व आसपास". स्टँडबाय कोण असणार विचारलं, तर एजंट म्हणाला, "मॅडम, उथळ पाणी आहे, लागत नाही." खाडीवालादादा, तुम्ही म्हणालात तेच. त्यात ७० हजार आधी भरायचे म्हणतो.

वकील_पाचपाखाडी

मीराताई, पैसे भरू नका. नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून आगाऊ रक्कम मागणारा माणूस उद्या अपघात झाल्यावर फोन उचलणार नाही. कागदाची प्रत आणि त्याचे मेसेज जपून ठेवा.

रोहन_घणसोली

"डायव्हर कम हेल्पर" हे वाचून मीही चक्रावलो. मित्राला विचारलं. तो म्हणाला, आमच्या जहाजावर असा कागद घेऊन आलेल्याला गेटमधून आत घेणार नाहीत. खाडीवाला, तुमचा मुद्दा पटला. त्याचं म्हणणं, आधी दोन-तीन वर्षं टेंडर म्हणून चांगल्या टीममध्ये काढावीत, मग कोर्सचे पैसे घालावेत.

खाडीवाला

तुमच्या मित्राशी मी शंभर टक्के सहमत आहे. टेंडरला अंबिलिकल हातात धरून खालच्या माणसाची हालचाल ओळखता आली पाहिजे. किती सैल, किती ताण, कधी अडकली. ते शिकलेला पोरगा पुढे डायव्हर झाला तर वर कुणाला उभं करायचं हे त्याला कळतं.

मीराताई, भाच्याला पुढच्या आठवड्यात माझ्याकडे पाठवा. आमच्या टीममध्ये टेंडरची एक जागा आहे, पगार डायव्हरएवढा नाही हे त्याला आधीच सांगा. येण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कानाचे पडदे तपासून घ्यायचे, छातीचा एक्स-रे काढायचा, आणि लहानपणी दमा होता का ते आईला विचारून यायचं. सर्दी झाली असेल तर चार दिवस उशिरा आला तरी चालेल.

मीरा_ऐरोली

पाठवते. दमा नव्हता, पण कान फुटला होता चौथीत असताना. रिपोर्ट काढून मग फोन करते.